टोयोटा जीआर ८६ला नवी चाकं घेताय? आधी ऑफसेट समजून घ्या

गाडी झकास घेतलीत! आता फक्त फोटो बघून रिम मागवू नका, एवढं ऐका.

ऑफसेट म्हणजे रिमची मध्यरेषा आणि हबला (चाक जिथे बोल्टनी बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा भाग यांतलं अंतर, मिमीमध्ये. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत सरकतं. नवखे फसतात ते रुंदीत. उदाहरणार्थ, १७×७, +४८ (व्यास १७ इंच, रुंदी ७ इंच, ऑफसेट ४८ मिमी) रिमच्या जागी १७×८, +४० लावली, तर बाहेरची कड जवळपास २१ मिमी बाहेर येते आणि आतलीही ५ मिमी आत जाते. म्हणजे बाहेर फेंडर (चाकावरचा पत्रा), आत स्ट्रट (सस्पेन्शनचा दांडा), दोन्हीकडे जागा मोजायची.

बाकी थोडक्यात:

- पीसीडी (बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीतला व्यास) ५×१००, हब बोर (मधल्या भोकाचा व्यास) ५६.१ मिमी. रिमचा बोर मोठा असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घालाच, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरू शकतं.
- २१५/४५ आर १७ ऐवजी २२५/४५ आर १७ टायर (पहिला आकडा रुंदी, मिमीमध्ये) सुरुवातीला पुरे.
- रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची हौस नको. खड्ड्यात पहिला मार रिमच्या कडेला बसतो.

चाकं बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा, दोघांना बसवून एखादा गतिरोधकही पार करा. मग टॉर्च घेऊन फेंडरच्या आतलं प्लास्टिक बघा. तिथे घासून चकाकणारी रेघ दिसली, तर टायर लागतोय.

कँबर (चाकाचा उभा कल), स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती), गाडी खाली बसवणं हे सगळं नंतर. आधी या चाकांवर मनसोक्त चालवा.