ज्याच्या विरुद्ध निकाल जाणार आहे, त्याच्याशी कसं बोलावं

अनेक आशीर्वाद.

न्यायिक सेवा आणि पोलीस सेवा, दोन्ही परीक्षांची तुझी तयारी सुरू आहे हे वाचून आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, की कायदा बरोबर लावला, पुरावा नीट तपासला, तर मग लोकांशी आदरानं वागलं काय किंवा न वागलं काय, फरक काय पडतो? खूप पडतो. माझी सगळी वकिली खालच्या कोर्टात आणि पोलीस ठाण्याच्या बाकांवर गेली. तिथे जे पाहिलं, त्यावरून लिहितो आहे.

जिंकलेल्या पक्षकाराचा विचार थोडा वेळ बाजूला ठेव. साहेब त्याच्याशी तुसडेपणानं बोलले असले तरी तो खुशीत घरी जातो. प्रश्न हरलेल्याचा आहे. जवळपास प्रत्येक खटल्यात कुणीतरी हरतं, आणि पोलिसांकडे तर ज्याला दंड होतो, ज्याला अटक होते, ज्याची फिर्याद गुन्ह्यात बसत नाही, अशांचीच रांग मोठी. या माणसांना तू त्यांच्या मनासारखं काही देऊ शकणार नाहीस. ऐकून घेणं, कारण सांगणं आणि माणूस म्हणून वागवणं, एवढंच तुझ्या हातात राहतं.

कोर्टात एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती एकाच खटल्याची म्हणून सांगता येणार नाही. आदेश वाचून होतो, दोन्ही वकील मान डोलावतात, शिपाई पुढचा पुकारा करतो. पक्षकार दाराबाहेर येतो आणि वकिलाचा कोट धरून विचारतो, ‘काय झालं हो?’ त्याच्या घराचा, त्याच्या मुलाच्या ताब्याचा निर्णय त्याच्यासमोर झालेला असतो आणि तो त्याला कळलेलाच नसतो. काही न्यायाधीश मात्र तो बाहेर पडण्याआधीच कागद बाजूला सारून थेट त्याच्याकडे बघत आणि म्हणत, ‘पैसे फेडले असं तुमचं म्हणणं आहे. मी ते ऐकलं. पण पावती नाही, आणि तुमच्या साक्षीदारानं सांगितलेली तारीख जुळत नाही, म्हणून मला ते धरता येत नाही. वर अपील करायचं असेल तर मुदत एवढी आहे.’ याला मिनिटभरही लागत नाही. निकाल तोच. पण त्या माणसाला अपिलात काय कमी पडतंय ते कळतं, आणि आपल्याला गुंडाळलं नाही हेही कळतं.

हे फक्त माझं मत म्हणून घेऊ नकोस. टॉम टायलर या अभ्यासकानं 1984 साली शिकागोतल्या दीड हजारांहून अधिक नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. लोक कायदा का पाळतात, हा प्रश्न होता. शिक्षेच्या भीतीपेक्षा ‘कायदा राबवणाऱ्यांचा हा अधिकार रास्त आहे’ ही भावना जास्त वजनदार ठरली, आणि ती भावना निकाल आपल्या बाजूनं लागला की नाही यापेक्षा वागणूक न्याय्य होती की नाही यावर उभी होती.

त्याहून मला अस्वस्थ करणारा दाखला अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहराचा आहे. घरात मारहाण करणाऱ्या पुरुषांना अटक केल्यानंतर त्यांनी पुन्हा मारहाण केली का, याची माहिती तिथे जमा झाली होती. 1997 साली रेमंड पॅटरनॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा तपासली. अटक होताना पोलीस आपल्याशी न्यायानं वागले असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्याकडून पुन्हा हिंसा होण्याचं प्रमाण कमी निघालं. याचा अर्थ नीट लक्षात घे. आरोपीशी नीट वागण्याचा फायदा घरात मार खाणाऱ्या बाईला होतो. ‘असल्या माणसाला कसला मान द्यायचा?’ असं कुणी म्हणालं तर हे उत्तर दे.

पोलिसांना वेळ नसतो, ही तक्रार खरी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 2009-10 साली मद्यपान तपासणीच्या नाक्यांवर एक प्रयोग झाला. नेहमीची तपासणी वीसेक सेकंदांत उरकत असे. प्रयोगातल्या नाक्यांवर पोलिसांनी चालकाला सांगितलं, की तुम्हाला संशयावरून थांबवलेलं नाही, गाड्या अशाच कोणत्याही थांबवतो आहोत. रस्त्यावर माणसं मरतात आणि ती बातमी घरच्यांना देणं हे आमचं सर्वांत कठीण काम आहे, असंही ते म्हणाले. मग पोलिसांनी कशाकडे लक्ष द्यावं असं विचारलं आणि आभार मानले. सगळं मिळून दीड मिनिटाच्या आसपास. एवढ्यानं चालकांचं पोलिसांविषयीचं मत सुधारल्याचं दिसलं.

आदर म्हणजे गोड बोलणं असं समजू नकोस. अत्यंत गोड बोलून माणसाला तासन्‌तास ताटकळत ठेवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. फिर्याद सांगणाऱ्याला बसायला खुर्ची दे. तो बोलत असताना पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे बघ. त्याचं नाव नीट विचारून घे. वयानं मोठ्या माणसाला ‘अहो’ म्हण, मग तो बेड्या घालून का आणलेला असेना. तारीख पुढे ढकलायची असेल तर का ढकलली ते सांग. रोजगार बुडवून आलेल्याला तेवढं कळण्याचा हक्क आहे. आणि साक्षीदार अडखळला तर त्याच्यावर खेकसू नकोस, कारण घाबरलेला साक्षीदार खरं असूनही अर्धवट सांगतो आणि तुझाच पुरावा कच्चा राहतो.

आणखी एक. कोर्टाचा अवमान केला तर शिक्षा आहे. समोर उभ्या माणसाचा अवमान कोर्टानं केला, तर तो बिचारा कुठे जाणार? पोलिसांच्या बाबतीतही तेच. कायदा अंमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1979 साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्या दुसऱ्याच कलमात मानवी प्रतिष्ठेचा आदर आणि रक्षण करा असं म्हटलं आहे. पण ते कलम रात्री दोन वाजता ठाण्यात पाळायचं की नाही, हे त्या वेळी ड्युटीवर असलेला माणूसच ठरवतो. ज्याच्या हाती सत्ता जास्त, त्याच्यावरच बंधन जास्त असायला हवं, हे मी मनापासून मानतो.

शिवीगाळ करणाऱ्याचं काय, असंही तू विचारलंस. त्याला थांबव. आवाज न चढवता नियम सांग, एकदा ताकीद दे, आणि तरी ऐकलं नाही तर कायद्यानं जे करता येतं ते कर. अटक करायची वेळ आली तर जरूर कर. फक्त शिवीला शिवीनं उत्तर देऊ नकोस, आणि बेड्या पडल्यावर हात उगारू नकोस. तुझ्या हाताखालचे लोक तुझं भाषण ऐकणार नाहीत, त्या क्षणी तुझ्या हातून काय होतं ते बघणार आहेत आणि उद्या तेच करणार आहेत.

मुलाखतीआधी एक दिवस काढून जवळच्या खालच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. कोणत्या न्यायाधीशाच्या दालनातून बाहेर पडणारे लोक ‘काय झालं हो?’ असं विचारत नाहीत, ते बघ, आणि ते न्यायाधीश नेमकं काय वेगळं करतात ते मला लिहून कळव.

तुझा,
एक जुना वकील