हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा जाताना

देऊळ बघायला जातोयस ना, मग पाचनई गावाची वाट धर. खिरेश्वरहून टोलार खिंडीतली वाट देखणी आहे, पण लांब. वर पोचेस्तोवर जीव मेटाकुटीला आला तर कोरीवकाम कसलं बघतोस! नळीची वाट म्हणजे कड्यातली अवघड चढाई, तिचं नाव तर इतक्यात काढूच नकोस.

रात्री गावात मुक्काम कर आणि अंधारातच निघ. दोन-अडीच तासांत वर पोचशील. त्या वेळी ऊन तिरपं असतं, त्यामुळे हरिश्चंद्रेश्वराच्या शिखरावरची नक्षी उठून दिसते. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. बहुतेक लोक एक फोटो काढून थेट कोकणकड्याकडे पळतात. तू तसं करू नकोस, कडा कुठे जात नाही. देवळाला एक फेरी घाल, आजूबाजूच्या लेण्यांत डोकाव, पुष्करणीच्या भिंतीतले कोनाडे बघ.

मग जवळच्याच केदारेश्वराच्या गुहेत जा. पिंडीभोवती कमरेएवढं पाणी, तेही हाडं गोठवणारं. चारपैकी एकच खांब शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, ही गोष्ट कुणीतरी सांगेलच. पावसाळ्यात मात्र गुहेत शिरायचा हट्ट नको.

बुटांचे तळवे झिजलेले नाहीत ना, ते निघण्याआधी बघ. ओल्या कातळावर शेवाळ दिसत नाही, पाय सटकल्यावरच कळतं. आणि वर पिठलं-भाकरी मिळाली तर डबा उघडायच्या भानगडीत पडू नकोस.