छातीतली तार सरकली, हे ओळखणारं करिअर

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. आजोबांच्या बायपासनंतर जखम वरून बरी दिसत होती, पण एक्स-रेमध्ये छातीच्या तारा सरकलेल्या दिसल्या आणि हाड पुन्हा बांधावं लागलं. हे ओळखायला शिकवणारा कोर्स कोणता? आईला मात्र किरणांची भीती वाटते.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : एवढ्यापुरता वेगळा कोर्स नाही. हे काम दोघांत वाटलेलं असतं आणि तुला त्यातलं कोणतं आवडेल, हे आधी बघ.

पहिला एक्स-रे काढणारा टेक्निशियन. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. आयसीयूत पोर्टेबल मशिनवर पेशंट जरा जरी कुशीवर कलला, तरी तारा मणक्यापासून हटल्यासारख्या दिसतात. दुखऱ्या छातीच्या माणसाला न दुखवता सरळ ठेवणं हे कसब आहे, आणि त्याला फार कमी दाद मिळते. यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा रेडिओग्राफीचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर अशा अभ्यासक्रमांची घडी बदलते आहे, तेव्हा यंदाची माहितीपुस्तिकाच वाच.

दुसरा रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारा डॉक्टर. तो ऑपरेशननंतरची पहिली फिल्म आजच्या फिल्मशेजारी लावतो. एखादी तार फिरली, तुटली, जागा सोडली, तर हाड सुटत असल्याची शंका घेतो. कधी कधी जखम उघडण्याच्या काही दिवस आधीच. सीटी स्कॅनमध्ये हाडामागचा पू दिसू शकतो. पण पहिले दोन-तीन आठवडे थोडं पाणी आणि हवा तिथे नुसत्या ऑपरेशनमुळेही असते. म्हणून ताप, जखमेतला स्राव, मधुमेह हे सगळं विचारावं लागतं. एकट्या चित्रावर निदान ठोकणारा माणूस इथे धोक्याचाच. ही वाट लांबची : नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी आणि तीन वर्षं एमडी. पीजीला या शाखेसाठी वरची रँक लागते.

माणसांत वावरायला आवडत असेल आणि लवकर कमवायचं असेल, तर पहिली वाट कमीपणाची मानू नकोस. नीटचा अभ्यास झेपतोय असं वाटत असेल, तर एक प्रयत्न जरूर दे.

आईला सांग, किरणांजवळ काम करणाऱ्यांना अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावावा लागतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) आहे. कॉलेज बघायला जाशील तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना बॅज मिळतो का, हे विचारून ये.