पडून राहिलेला माल कसा ओळखावा?

प्रश्न : सोलापुरातील आमच्या टॉवेल कारखान्याच्या गोदामात जुने सूत, रंग आणि रद्द झालेल्या ऑर्डरींचे टॉवेल साठले आहेत. त्यांतले काय ठेवावे आणि काय काढावे?

उत्तर : प्रत्येक मालाची शेवटची उचल केव्हा झाली, हे साठा नोंदवहीतून आधी काढावे, कारण नुसत्या एकूण साठ्याच्या आकड्यात पडून राहिलेला माल दिसत नाही. वर्षभर न हललेला माल प्रत्यक्ष मोजावा, रंगांची मुदत पाहावी, आणि दमट जागी राहिलेले सूत मजबुती तपासल्याशिवाय मागावर चढवू नये. टॉवेल मात्र सवलतीत विकणेच मला योग्य वाटते, कारण फुकट वाटलेल्या किंवा निर्लेखित केलेल्या (हिशेबातून काढून टाकलेल्या) मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत करावे लागते. उरलेला साठा ताळेबंदात खर्चमूल्य आणि निव्वळ विक्रीमूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता हाती येणारी किंमत) यांपैकी कमी असेल त्या रकमेने दाखवावा.