कायम जगावंसं वाटणं हा स्वार्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की अमर व्हायची इच्छा योग्य की निव्वळ स्वार्थ, आणि पुढे लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो असं वाटणंच चुकीचं. मला मित्राचं पटत नाही. अहो आपल्याकडे पाया पडलं की 'औक्षवंत हो' म्हणतात, पणतू झाला की पणजीच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळतात, म्हणजे भरपूर जगणं ही कौतुकाचीच गोष्ट झाली ना. ऐंशीच्या आजोबांना विचारा, म्हणतील नातीचं लग्न बघितलं की सुटलो, लग्न झालं की मग पणतवंडाचं बारसं. आजच जायचंय असं सहसा कोणी म्हणत नाही, त्यात कसला आलाय स्वार्थ.

प्रश्न आहे तो कुणाच्या जिवावर जगायचंय हा. महाभारतातला ययाती घ्या. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आलं तर हा पठ्ठ्या पोरांकडेच तारुण्य मागायला गेला, यदू वगैरे चौघे नाही म्हणाले तर त्यांना शाप दिले, धाकट्या पुरूने दिलं आणि बाप हजार वर्षं मजा करत राहिला. नंतर त्यालाच कळलं की भोगून इच्छा शमत नाही, तूप ओतल्यावर आग वाढते तशी वाढतच जाते, आणि मग तारुण्य परत केलं. सगळे पुरूच्या त्यागाचं कौतुक करतात, मला मात्र त्या चार शापांचाच राग येतो. नाही म्हणायची सोयच नसेल तर तो त्याग कसला? आणि हे फक्त पुराणातलं नाही हां, २०२३ मधे ब्रायन जॉन्सन नावाच्या अमेरिकन टेक करोडपतीने तरुण राहायला स्वतःच्या सतरा वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, चढवून घेतला, मग स्वतःच सांगितलं की काही फायदा दिसला नाही. मुलगा राजी होता म्हणे, पुरूपण राजीच होता.

आता योग्य की नाही. दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी आमची आजी आधी जमिनीवर तेलाचे सात थेंब लावायची, सात चिरंजीवांच्या नावाने, आणि मगच आमच्या डोक्याला तेल. त्या सातात हनुमान आहे आणि अश्वत्थामापण आहे. एकाला वर, एकाला शाप, आणि मिळालं दोघांनाही जवळपास तेच. हनुमानाला रामकथा चालू आहे तोवर राहायचंय, म्हणजे माणसांत. अश्वत्थाम्याला कृष्णाने तीन हजार वर्षं एकट्याने भटकायला लावलं, अंगाला रक्ता-पुवाचा वास, बोलायला कोणी नाही. म्हणून नर्मदा परिक्रमेवाले अजून सांगतात की तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. खरं खोटं देव जाणे, पण शिक्षा म्हणून लांबलचक आयुष्य द्यायचं हे ज्याला सुचलं त्याला माणूस बरोब्बर कळला होता.

शेवटी तुम्ही विचारलंय की खरंच गोळी निघाली तर घेणार का. घेईन की! फक्त बायकोलाही मिळायला हवी आणि कंटाळा आला की बंद करता यायला हवी. पैसेवाल्यांनाच परवडणारी असेल तर मात्र नकोच ती, कारण मग वरच्या खुर्च्या कधी रिकाम्याच व्हायच्या नाहीत, आमच्याकडे आत्ताच साठीचे साहेब एक्स्टेंशन मागतात आणि खालची पोरं प्रमोशनची वाट बघत टकली होतात.