फाटकी पोस्टर्स कॅनव्हासवर चिकटवून इटालियन कलाकार मिम्मो रोतेल्ला एवढा मोठा कसा झाला? यात त्याचं स्वतःचं काय?

शंका रास्त आहे. पण भिंतीवरचं पोस्टर काढलं आणि फ्रेममध्ये घातलं, इतकं ते सरळ नव्हतं. रोतेल्ला दोनदा फाडायचा.

हा माणूस १९१८ साली दक्षिण इटलीतल्या कातान्झारोत जन्मला. नेपल्सच्या कला अकादमीत शिकला, १९४५ मध्ये रोमला आला. तेव्हाची त्याची भौमितिक अमूर्त चित्रं ठीकठाक, कुणाचीही वाटावीत अशी. पुढे अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला आणि १९५२ मध्ये परतला तो चित्रकलेवरचा विश्वास उडालेल्या अवस्थेत. चित्रात आता नवं काही उरलंच नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यातच १९५३ मध्ये रोमच्या भिंतींवरच्या फाटक्या पोस्टर्सनी त्याला पकडलं. या क्षणाला तो ‘झेन साक्षात्कार’ म्हणायचा. (कलाकारांना साधी कल्पना कधी सुचतच नाही!)

मग रात्री बाहेर पडायचं, एकावर एक डकवलेल्या पोस्टर्सचे थरच्या थर सोलून स्टुडिओत आणायचे, कॅनव्हासवर चिकटवायचे आणि पुन्हा फाडायचे. पहिलं फाडणं ऊन-पावसाचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं आणि त्याचं. दुसरं मात्र निव्वळ त्याचं. कुठला थर उघडा पाडायचा, अक्षर कुठे तोडायचं, हे तोच ठरवायचा. कोलाजमध्ये कागद चिकटवतात, इथे उलट फाडतात, म्हणून ही पद्धत डेकोलाज. पॅरिसमध्ये रेमों हेन्स आणि जाक व्हिलेग्ले हे कलाकार १९४९ पासून हेच करत होते, तेव्हा शोध एकट्याचा नाही. १९६० मध्ये तोही त्यांच्या ‘नूव्हो रेआलिझ्म’ (नव-वास्तववाद) या कलाकारांच्या गटात सामील झाला.

प्रसिद्धी मिळाली ती १९६२ नंतरच्या सिनेमाच्या पोस्टर्समुळे. फाटलेली मेरिलिन मन्रो सगळ्यांनी पाहिलेली असते. मला विचाराल तर ती जरा जास्तच देखणी आहे. खरा रोतेल्ला पोस्टरच्या पाठीत सापडतो. तो कागद उलटा लावायचा. चित्र नाही, अक्षर नाही. वाळलेली खळ, गंजाचे डाग आणि कागदाबरोबर उखडून आलेला भिंतीचा गिलावा. जाहिरातीतलं विकाऊ सगळं गेलं आणि रोमची भिंत तेवढी राहिली.

२००६ मध्ये तो मिलानमध्ये वारला. इंटरनेटवर शोधणार असाल तर मेरिलिन आपोआप समोर येईलच. तुम्ही ‘रेत्रो दाफीश’ शोधा. त्या उलट्या कागदांचं हेच नाव आहे.