बीटच्या ड्रायरआधी ते हमीपत्र वाचा

प्रश्न: तुर्भे एमआयडीसीत आमचं टुटीफ्रुटी आणि करवंदाच्या चेरीचं युनिट आहे. प्रोप्रायटरशिप, वर्षाची विक्री 1 कोटी 80 लाख, निव्वळ नफा 8 टक्के. 30 टक्के माल वाशीच्या एका मर्चंट एक्सपोर्टरमार्फत अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत जातो. चेरीला एरिथ्रोसिन, लाल टुटीफ्रुटीला कार्मोसिन, हिरवीला टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू हे कृत्रिम रंग वापरतो. अमेरिकेत एरिथ्रोसिन बंद होणार, म्हणून बीटचा रंग स्वतःच काढायला 38 लाखांचा स्प्रे ड्रायर (रसाची भुकटी करणारं यंत्र) घ्यावा म्हणतो. विक्रेता सांगतो, नैसर्गिक रंगाच्या मालाला 30 टक्के जास्त भाव मिळेल. पैशांसाठी चार वर्षं भरलेली विमा पॉलिसी मोडावी, की ऐरोलीच्या फ्लॅटवर कर्ज वाढवावं? फ्लॅट सीसीला (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला) तारण आहेच. पॉलिसी बँकेनेच सीसी मंजूर करताना घ्यायला लावली. वर्षाला 6 लाख, दहा हप्ते, विसाव्या वर्षी 1 कोटी 20 लाख. हप्ता सीसीतूनच जातो, व्याज 11 टक्के. माल अमेरिकेच्या नियमांत बसतो, अडकला तर सगळा खर्च आमचा, असं हमीपत्र एक्सपोर्टरला दिलं आहे. वय 46.

उत्तर: ड्रायर घेऊ नका. पॉलिसी मोडा, पण ड्रायरसाठी नाही. आणि त्याआधी अमेरिकेला जाणारी लाल-हिरव्या टुटीफ्रुटीची पुढची खेप थांबवा.

तुम्ही एरिथ्रोसिनची काळजी करताय. त्याची परवानगी अमेरिकेने 15 जानेवारी 2025 ला रद्द केली आणि खाद्य उत्पादकांना 15 जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली. म्हणजे तिथे निदान तारीख तरी हातात आहे. कार्मोसिनला अमेरिकेत परवानगीच नाही. तुमची लाल टुटीफ्रुटी पहिल्या खेपेपासून तिथे बेकायदा आहे. हिरवीचं दुखणं वेगळं. टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्लू तिथे चालतात, पण त्यांचा प्रत्येक लॉट अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) स्वतः तपासून प्रमाणित केलेला लागतो. आपल्याकडे कायदेशीर असलेला डबा तोच रंग असूनही तिथे चालत नाही. आजवर माल अडकला नाही याचा अर्थ एवढाच की तपासणीत नमुना निघाला नाही. परवानगी नसलेले किंवा लेबलवर न लिहिलेले रंग असलेल्या मालासाठी एफडीएचा 45-02 क्रमांकाचा इम्पोर्ट अलर्ट आहे. त्या यादीत उत्पादकाचं नाव गेलं की पुढचा माल न उघडताच अडवून ठेवता येतो.

आता ते हमीपत्र पुन्हा वाचा. ज्या मालात तुम्ही स्वतः कार्मोसिन घातलं, तो अमेरिकेच्या नियमांत बसतो असं तुम्ही सही करून लिहून दिलंय. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 15 टन माल. किलोला 90 रुपये धरले तर साडेतेरा लाख. त्यावर भाडं, बंदरावरचं डिमरेज (माल पडून राहिल्याचा आकार), माल नष्ट करण्याचा खर्च. पंचवीस लाखांचा आकडा सहज होतो. म्हणजे दोन वर्षांच्या संपूर्ण धंद्याच्या नफ्यातला मोठा वाटा एका कंटेनरमध्ये जाईल. प्रोप्रायटरशिपमध्ये तुम्ही आणि धंदा कायद्याने एकच, त्यामुळे वसुली थेट तुमच्यावर येते आणि फ्लॅट आधीच बँकेकडे आहे. तुमच्या पत्रात मला खरी भीती याची वाटली.

उत्पादन दायित्वाचा आणि माल परत बोलावण्याचा विमा घ्यायलाच हवा, पण नियम मोडतोय हे माहीत असताना पाठवलेल्या मालाचा दावा कंपनी नाकारेल. म्हणून क्रम असा: आधी रंग बदला, मग विमा घ्या, मग वकिलाकडून हमीपत्र बदलून घ्या. तुमची जबाबदारी बिलाच्या रकमेपुरती मर्यादित हवी. रंगाचा फॉर्म्युला आणि लेबल एक्सपोर्टरने लेखी मंजूर केलं पाहिजे. अमेरिकेतला आयातदार त्याचा आहे, नियम विचारून घेणं त्याचंही काम आहे. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) केल्याने जुनी हमीपत्रं आणि बँकेची वैयक्तिक हमी सुटत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ड्रायरचं गणित तर दोन ओळींत मोडतं. निर्यात 54 लाखांची, त्यावरचा नफा 4 लाख 30 हजार. 38 लाखांवर 11 टक्क्यांनी व्याजच 4 लाख 20 हजार. वीज, माणूस, घसारा अजून धरलेलाच नाही. तीस टक्के जास्त भाव मिळेल असं ड्रायर विकणारा म्हणतो. माल घेणारा एक्सपोर्टर तसं लिहून देतो का ते विचारा.

शिवाय बीट तुमच्या मालाला धड चालतही नाही. एरिथ्रोसिन आम्लात विरघळत नाही, म्हणून सायट्रिक ॲसिडच्या पाकात तो करवंदाच्या गरात बसून राहतो आणि केकवरचं क्रीम गुलाबी होत नाही. बीटचा रंग पाण्यात विरघळतो, क्रीममध्ये उतरतो आणि भट्टीत तपकिरी पडतो. लाल टुटीफ्रुटीसाठी काळ्या गाजराचा अर्क विकत आणून बघा. तो आम्लातच लाल राहतो, त्यामुळे पाकाचा पीएच साडेतीनच्या आसपास हवा. पाच किलोचा घाणा काढा. एक पाकीट खिडकीत, एक अंधारात ठेवा, एक केकमध्ये भाजा आणि आठ आठवडे बघा. निर्यातीचा 60 टन माल आणि 1 टक्का अर्क धरला तर वर्षाला 600 किलो लागेल. तेवढ्यासाठी कोणी ड्रायर घेत नाही. अर्क किलोला हजार रुपये पडला तर किलोभर मालामागे दहा रुपये वाढतील; ते एक्सपोर्टर देणार नसेल तर निर्यात सोडा. हिरवी तूर्त बंदच ठेवा: कॉपर क्लोरोफिलिनला अमेरिकेत फक्त लिंबूवर्गीय कोरड्या सरबत-मिश्रणांत परवानगी आहे.

देशातली 70 टक्के विक्री याने हलत नाही. इथे हे चारही रंग चालतात, लेबलवर कृत्रिम रंगाची घोषणा आणि आयएनएस क्रमांक (खाद्य-घटकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) हवा. मर्यादा मात्र मोजून पाळा. मर्यादा 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100) असेल तर 500 किलोच्या घाण्याला 50 ग्रॅम शुद्ध रंग. उरलेला रंगीत पाक पुढच्या घाण्यात ओतून वर पुन्हा पूर्ण रंग घातला की नमुना फेल होतो.

आता पॉलिसी. कर्ज मंजुरीसाठी जीवन विम्याची सक्ती बँकेला करता येत नाही. तुम्हाला ती चुकीच्या पद्धतीने विकली. एकूण हप्ते 60 लाख, मिळणार दुप्पट, पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. 72 ला दुप्पट होण्याच्या वर्षांनी भागलं की ढोबळ वार्षिक परतावा निघतो: 72 भागिले 15.5, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जरा वर. आणि त्यासाठी 11 टक्क्यांनी उधार घेताय! आजवरच्या 24 लाखांवर सीसीचं व्याजच वर्षाला अडीच लाखांहून जास्त आहे.

मोडलीत तर 12 लाखांच्या आसपास हातात येतील. पेड-अप ठेवलीत (पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवलीत) तर 16 वर्षांनी साधारण 48 लाख, म्हणजे त्या 12 लाखांवर वर्षाला 9 टक्के. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या. असेच असतील तर 11 टक्क्यांचं कर्ज आधी फेडा: मोडा आणि सगळे पैसे सीसीत भरा. बारा लाखांचं नुकसान झालंय, पुढचे 36 लाख भरून ते भरून निघणार नाही. सरेंडरचा अर्ज मात्र दीड कोटीची टर्म पॉलिसी हातात आल्यावरच द्या, आणि सीसीवरचा हप्त्याचा ऑटो-डेबिट लेखी पत्र देऊन आजच थांबवा. पत्राच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या.